पेटी कोणी केली?



आमच्यासारख्या युनियनवाल्याला व्यासपीठावर बोलावले की बोनस, महागाई किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय निघणार अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज आम्ही बोलणार आहोत एका ख्रिस्ती संताच्या अस्थींच्या पेटीविषयी. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे काय ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथेच एका जाडजूड ग्रंथात या पेटीचे चित्र दिसले, आणि आम्ही त्या पानावरच अडकून पडलो.

फ्रान्सच्या मध्यभागी, ओव्हर्न प्रांतात, रियों शहराला लागून मोझाक नावाचे गाव आहे. तेथल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये ही पेटी आहे. संताचे नाव काल्मिनियस, काळ सातव्या शतकाचा. हा मोठा सरदार. त्याने व त्याची पत्नी नामादी हिने आपली दौलत वेचून तीन मठ उभारले, त्यांतला एक मोझाकचा, अशी कथा आहे. कथाच म्हणायची, कारण इतिहासाचा आधार तीत थोडा. पेटी मात्र खरी आहे, आणि ती घडली सुमारे पाचशे वर्षांनंतर, बाराव्या शतकाच्या अखेरीस. आकार उतरत्या छपराच्या घरासारखा. लांबी सुमारे 80 सेंटीमीटर, उंची 45च्या आसपास. आत लाकूड, वर तांब्याचे पत्रे, आणि पत्र्यांवर मीनाकाम.

हे काम लिमोज शहराच्या पद्धतीचे. त्या काळी लिमोजच्या कारागिरांचा माल साऱ्या युरोपात जाई. जयपूरचा मीना आपल्या भगिनींच्या दागिन्यांत असतो, तत्त्व तेच. तांब्याच्या जाड पत्र्यावर आकृती आखायची. जेथे रंग हवा तेथे छिन्नीने पत्रा खोल करायचा, मधल्या रेषा तेवढ्या उभ्या ठेवायच्या. काचेची रंगीत पूड त्या खळग्यांत भरून पत्रा भट्टीत घालायचा. काच वितळली की बसते, खळगा पुरता भरत नाही. म्हणून पुन्हा पूड, पुन्हा भट्टी. मग घासून सपाट करायचे. आच जास्त झाली तर रंग बिघडला, कमी झाली तर काच धरली नाही. भट्टीपुढच्या माणसाला घड्याळ नाही, उष्णतामापक नाही. डोळा हेच त्याचे यंत्र.

शेवटी उघड्या तांब्यावर सोन्याचा मुलामा. सोने पाऱ्यात कालवून ते पत्र्याला फासायचे आणि तापवायचे. पारा उडून जातो, सोने राहते. 'पारा उडून जातो' असे ग्रंथकार सहज लिहून जातात. आम्ही तेथे थांबलो. उडालेला पारा जातो कोठे? तो धूर माणसाच्या छातीत जातो, हात कापू लागतात, हिरड्या सुजतात. एका प्लेटिंगच्या कारखान्यात आम्ही क्रोमच्या टाक्यांवर काम करणारे सोबती पाहिले आहेत. नाकाच्या पडद्याला आरपार भोके पडलेली. मालक म्हणत होता, सवय होते.

आता पेटीकडे वळू. एका बाजूस ख्रिस्त आणि त्याचे शिष्य आहेत. दुसऱ्या बाजूस काल्मिनियस व नामादी यांची कथा. तीनही मठांची बांधकामे चालू आहेत. सरदार आणि त्याची पत्नी उभे राहून पाहत आहेत, आणि इमारतीवर गवंडी राबत आहेत. संताच्या पेटीवर गवंड्यांना जागा मिळाली, हे आम्हांस त्या सुंदर निळ्या रंगाहूनही मोलाचे वाटले.

पेटीवर लॅटिन लेख आहे. त्याचा अर्थ असा की, मोझाकचा मठाधिपती पेत्रुस याने ही पेटी मोल देऊन केली. पहिल्या वाचनात आम्हांस राग आला. पेत्रुसने केली म्हणे! त्याच्या हाताला कधी भट्टीची झळ तरी लागली असेल काय? कारागिराचे नाव त्या लेखात नाही. पण शेवटचे पद पुन्हा वाचले, आणि राग थोडा उतरला. 'मोल देऊन.' कोणी तरी काम केले आणि त्याला पैसे मोजावे लागले, एवढी कबुली त्या मठाधिपतीने देवापुढे कोरून ठेवली. आमच्या गावात धर्मशाळांवर, घाटांवर पाट्या आहेत. 'अमक्याने बांधली' यापुढे एक अक्षर नाही.

पेटीचे चित्र आम्ही युनियनच्या कचेरीत नेले होते. प्लेटिंगमधले एक जुने सोबती बराच वेळ ते न्याहाळत राहिले. संत कोण, मठ कोणता, काही विचारले नाही. बोट ठेवले ते सोनेरी काठावर, आणि म्हणाले, "धूर जायला खिडकी होती का हो तिथं?"