शिन्या यामानाका : प्रयोगशाळेतून लोकांत आलेला शास्त्रज्ञ

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर्वप्रथम आज ज्यांचा सत्कार झाला त्या सर्व गुणवंतांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. कार्यकर्त्यांनी मला ‘विज्ञान आणि समाज’ हा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. म्हणून मी एकाच शास्त्रज्ञाची हकिगत सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो.

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाच्या मुलाला स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार असल्याचे निदान झाले. ‘स्टेम सेलने खात्रीशीर उपचार’ अशी जाहिरात भावाच्या वाचनात आली. त्याने गावाकडचा प्लॉट विकला, पतपेढीचे कर्ज काढले आणि मुलाला तीन वेळा इंजेक्शने दिली. मुलाच्या प्रकृतीत काडीचाही फरक पडला नाही. सगळे झाल्यावर भाऊ माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, “दादा, तू जीवशास्त्राचा मास्तर. मग तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. तिची व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, मुले ती पाठ करीत होती आणि मार्क मिळवीत होती. पण वर्गाच्या भिंतीबाहेर मी ते ज्ञान कधी नेलेच नाही. जाणणारे गप्प बसले म्हणून जाहिरात करणाऱ्याचे फावले. त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो, आणि वाचता वाचता जपानच्या डॉ. शिन्या यामानाका यांच्यापाशी येऊन थांबलो.

यामानाका यांचा जन्म १९६२ सालचा, ओसाकाजवळच्या हिगाशी-ओसाका या गावचा. वडिलांचा शिलाई मशीनचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना होता. मुलगा ज्युदो खेळायचा आणि वरचेवर हाडे मोडून घ्यायचा. त्यातूनच अस्थिरोगतज्ज्ञ व्हावे असे त्याच्या मनाने घेतले. १९८७ साली कोबे विद्यापीठातून तो डॉक्टर झाला. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी त्याचा हात चालेना. इतरांना थोडक्या वेळात जमणारी शस्त्रक्रिया त्याच्या हातून लांबतच जाई. जपानी भाषेत ‘जामा’ म्हणजे अडथळा. वरिष्ठांनी त्याचे नावच ‘जामानाका’ पाडले.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांना यंदा मनाजोगते गुण मिळाले नाहीत, ज्यांचा मेडिकलचा प्रवेश हुकला, त्यांनी हे नाव विसरू नये. पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीत अडथळा म्हणत असत.

त्याच सुमारास घरात दुःखाचा प्रसंग आला. कारखान्यात झालेल्या दुखापतीनंतर वडिलांना रक्त द्यावे लागले होते, आणि त्या रक्तातून यकृताचा आजार जडला. मुलगा डॉक्टर झाल्यानंतर थोड्याच काळात वडील गेले. डॉक्टर मुलाच्या हातात त्या आजारावर औषध नव्हते. या आजाराचा विषाणू, हिपॅटायटिस सी, १९८९ साली ओळखला गेला. तो बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा करणाऱ्या गोळ्या २०१३-१४ च्या सुमारास आल्या. म्हणजे कारण कळल्यापासून औषध मिळेपर्यंत जवळपास पंचवीस वर्षे लागली. हा हिशेब यामानाका आपल्या भाषणांतून लोकांना सांगत आले आहेत. संशोधनाशिवाय औषध नाही आणि संशोधनाला वेळ लागतो, या दोन्ही गोष्टी त्या एका हिशेबात आहेत.

ते संशोधनाकडे वळले. ओसाका सिटी विद्यापीठातून १९९३ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत गेले. तिथले प्रमुख रॉबर्ट माले यांनी तरुणांना एक मंत्र दिला होता : दृष्टी ठेवा आणि कष्ट करा. कष्ट पुष्कळ करता, पण कशासाठी ते माहीत आहे का, असा त्यांचा प्रश्न असे. हा प्रश्न आपणही आपल्या मुलांना विचारला पाहिजे.

जपानला परतल्यावर मात्र निराशेने गाठले. उंदरांचे पिंजरेसुद्धा स्वतःच साफ करावे लागत. हे काम माणसांच्या काय उपयोगाचे, असे आजूबाजूचे लोक विचारीत. संशोधन सोडून पुन्हा दवाखान्यात जावे, असे त्यांच्या मनात येऊ लागले. १९९९ च्या अखेरीस नारा येथील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळाली, म्हणून ते वाचले.

आता त्यांचा शोध काय, तो थोडक्यात पाहू. आपण सारे एकाच पेशीपासून घडलो. सुरुवातीच्या गर्भातील पेशी शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकतात. पुढे एकदा ती त्वचेची पेशी झाली की त्वचेचीच राहते. पण तिच्यातील माहिती पुसली जाते का? इंग्लंडचे जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून पिल्ले वाढवून दाखवली. माहिती शाबूत असते, हे त्यावरून सिद्ध झाले. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉम्सन यांनी मानवी भ्रूणातील मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. मात्र त्यासाठी भ्रूण मोडावा लागे आणि त्यावर जगभर नैतिक वाद होता. यामानाकांचा प्रश्न साधा होता : भ्रूणाला हात न लावता मोठ्या माणसाच्या पेशीलाच बालपणात परत नेता येईल का?

त्यांनी मूळपेशींत काम करणारी २४ जनुके निवडली. एकेकटे जनुक घालून काही साधेना. तेव्हा काझुतोशी ताकाहाशी या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने चोवीसच्या चोवीस एकदम घातली आणि पेशी पालटल्या! मग प्रश्न आला, यातली खरी कामाची कोणती? आपल्या माताभगिनींना हे चटकन कळेल. मसाल्यात कोणत्या जिन्नसाने चव आली हे पाहायचे, तर दर वेळी एकेक जिन्नस वगळून मसाला करून बघावा. ताकाहाशींनी तेच केले. शेवटी फक्त चार जनुके उरली. उंदरांवरील हे काम २००६ साली आणि माणसाच्या पेशींवरील २००७ साली प्रसिद्ध झाले. या पेशींना ‘आयपीएस’ पेशी म्हणतात. आपल्याकडे आयपीएस म्हटले की पोलीस अधिकारी डोळ्यांसमोर येतो, म्हणून मुद्दाम सांगितले. २०१२ साली गर्डन आणि यामानाका यांना मिळून नोबेल जाहीर झाले. स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा यामानाका घरी बिघडलेले धुण्याचे यंत्र दुरुस्त करीत होते.

शोधाची गोष्ट इथे संपते. परंतु मी जी सांगायला आलो आहे ती यापुढची आहे.

एवढा मोठा शोध लागल्यावर जगभरच्या रुग्णांच्या आशा पालवणारच. अशा वेळी टाळ्या घेणे सोपे असते. यामानाका लोकांत गेले, शाळकरी मुलांसमोर बोलले, दूरदर्शनवर बोलले, आणि आशेबरोबर धोकाही सांगत राहिले. त्यांच्या चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी संबंधित आहे. ते टाळण्याचे मार्ग शोधावे लागतील, आणि उपचार प्रत्यक्षात यायला वर्षे लागतील, हे त्यांनी लपवले नाही. पारितोषिकानंतर क्योटो विद्यापीठातील त्यांच्या संस्थेतच एका संशोधकाने आकडे खोटे दाखवल्याचे २०१८ साली उघड झाले, तेव्हा संचालक या नात्याने त्यांनी जनतेसमोर उभे राहून माफी मागितली.

संस्थेतील बहुसंख्य कर्मचारी ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर होते. त्यांना स्थिर आधार मिळावा म्हणून २०१२ च्या मार्चमध्ये हा संचालक स्वतः क्योटो मॅरेथॉनमध्ये धावला आणि लोकांकडे वर्गणी मागितली. सुमारे एक कोटी येन जमले. वर्गणी मागायला निघालेल्या माणसाला आपण काय करतो हे साध्या भाषेत सांगावेच लागते, हे आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना मी वेगळे सांगायला नको.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोना पसरू लागला, तेव्हा त्यांनी स्वतःचे माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. हा माझा विषय नव्हे, हे आधी स्पष्ट केले. मग कोणत्या गोष्टीला पुरावा भक्कम आहे आणि कोणत्या गोष्टीला कच्चा, अशी प्रतवारी करून माहिती मांडली. २०२२ च्या मार्चअखेर संचालकपद सोडून ते पुन्हा आपल्या प्रयोगांकडे वळले.

सभासदहो, विज्ञान किती सावध पावले टाकते ते पाहा. २०१४ च्या सप्टेंबरात जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला पडदा बसवला. जगातला तो पहिलाच प्रयोग होता. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या होत्या, पण तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल आढळले. रुग्ण तयार, डॉक्टर तयार, साऱ्या जगाचे लक्ष लागलेले, तरीही त्यांनी शस्त्रक्रिया थांबवली. क्योटोत कंपवाताच्या ७ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत, आणि ज्या सहा जणांत गुण तपासला त्यांपैकी चौघांच्या हालचालीत सुधारणा दिसली. २००६ पासून २०२५ पर्यंत एकोणीस वर्षे! आणि माझ्या भावाला जाहिरातीने काय सांगितले होते? तीन इंजेक्शनांत मुलगा चालायला लागेल.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या देशातही नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी केले जाणारे मूळपेशी रोपण, ज्याला आपण ‘बोन मॅरो’ बदलणे म्हणतो, तेवढेच उपचार म्हणून मान्य केले गेले. बाकीचा वापर हा प्रयोग समजावा, आणि तो रीतसर नोंदवलेल्या चाचणीतच व्हावा, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा कोणी स्टेम सेलची खात्री देऊ लागला, तर तीन प्रश्न विचारा. ही नोंदवलेली चाचणी आहे काय? चाचणी असेल तर माझ्याकडून पैसे का घेता? आणि यात धोका काय, ते लिहून द्याल काय? खरा शास्त्रज्ञ या प्रश्नांनी रागावणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी संशोधक होईल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मूळपेशींवर काम चालते. तिथपर्यंत आपल्या वस्तीतील मूल पोहोचावे, अशी माझी फार इच्छा आहे. पण पोहोचल्यावर तिथेच राहू नका. जे शिकाल ते आपल्या आईला समजेल अशा शब्दांत घरी येऊन सांगा. जे अजून साधलेले नाही, ते ‘अजून साधलेले नाही’ असेही सांगा. हे दुसरे सांगणे जास्त अवघड असते. आशेने बघणाऱ्या माणसाला ‘थांबा’ म्हणायला धैर्य लागते.

माझ्या भावाचा प्लॉट परत येणार नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न मी आता टाळत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी संस्थेच्या वाचनालयात बसतो. कोणाकडे आजाराचे कागद असतील, कोणी जाहिरात कापून आणली असेल, तर घेऊन या. मी डॉक्टर नाही, उपचार सांगणार नाही. परंतु त्या कागदात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, ते आपण दोघे मिळून वाचू. या कामात मला दोन-चार विद्यार्थ्यांची मदत हवी आहे. नावे कार्यवाहांकडे द्यावीत.



जयभीम!