एकच रस्ता, दोन चालक



सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग चौसाळा, बीड, गेवराई असा बीड जिल्ह्यातून जातो. रात्री या रस्त्यावर एस.टी.ची बस धावते आणि तिच्या मागोमाग मालाचा ट्रक. दोघांचे चालक बहुधा कोरडवाहू शेतकऱ्यांच्याच घरचे. काम एक, डोळ्यांवरची झोप एक, अपघाताचे भयही एक. तरीही एकाला नोकरी आहे आणि दुसऱ्याला केवळ खेप. एकाला हजेरीपट, रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि दाद मागण्याची जागा आहे. दुसऱ्याला तोंडी ठरलेला पगार, वाटखर्चाचा भत्ता आणि मालकाची मर्जी.

ट्रकचालक बेफिकीर असतो, म्हणून तो संघटित होत नाही, असे सर्रास सांगितले जाते. हे निदान खोटे आहे. एस.टी.च्या चालकाचा मालक एक आहे आणि आगार हे त्याच्या रोजच्या भेटीचे ठिकाण आहे. ट्रकचालकाचे मालक असंख्य आहेत. एकेका मालकाकडे एक-दोन गाड्या. त्याही कर्जाच्या हप्त्यावर. पुष्कळदा हा मालक चालकाच्या गावचा, नात्यातला असतो. एकट्या चालकाने संप करायचा तो कोणाविरुद्ध?

कायद्यानेही ही दुर्बलता दूर केली नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही कामाची मर्यादा घातली, सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. परंतु हा कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. एका ट्रकचा मालक आणि त्याचा चालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. पुढे तो कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. ही संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली आणि पाचाची अट दहावर गेली. जे थोडे चालक कायद्याच्या छताखाली होते, त्यांतलेही काही आता उघड्यावर आले.

बीडच्या उसाच्या हंगामात हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. जानेवारी 2024 मध्ये साखर संघाशी झालेल्या वाटाघाटींत ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, मुकादमाचे कमिशनही वाढले. ही वाढ पुरेशी होती की नाही, हा वाद वेगळा. पण तोडणी कामगारांच्या नावाने बोलणारी संघटना बैठकीत होती, म्हणून ती ठरली. तोच ऊस ट्रॅक्टरने वा ट्रकने कारखान्यावर नेणाऱ्या पगारी चालकाचे वेतन मात्र वाहनमालकाच्या ओसरीवर ठरते.

त्याच जानेवारीत देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले. अपघातात मृत्यू घडवून खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास देणारे भारतीय न्याय संहितेतील कलम त्यांना भयंकर वाटले. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. केंद्रीय गृहसचिवांनी चर्चा केली आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते कलम स्थगित राहिले. पण ही चर्चा झाली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस या वाहतूकदारांच्या, म्हणजे मालकांच्या, संघटनेशी. चाके थांबविली चालकांनी आणि टेबलापाशी बसले मालक. म्हणूनच शिक्षेच्या कलमावर बोलणे झाले. कामाचे तास, वेतन, विश्रांती यांचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

संघटना असली की सारे साधते, असा याचा अर्थ नव्हे. 2021-22 च्या एस.टी. संपात शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कामगारांनी जुन्या संघटनांचे नेतृत्व झुगारले आणि संप जवळजवळ सहा महिने चालला. नोव्हेंबर 2021 मध्ये मूळ वेतनात वाढ जाहीर झाली, विलीनीकरण मात्र झाले नाही. अनेकांना निलंबन व बडतर्फी सोसावी लागली. मान्यताप्राप्त संघटना आगारातल्या सामान्य सभासदाचे ऐकेनाशी झाली की सभासद तिला सोडून जातो, हा त्या संपाचा पहिला धडा. दुसरा धडा त्याहून कठीण आहे. संपकाळात महामंडळाने कंत्राटी चालक आणले. भाडेतत्त्वावरील बसगाड्यांचा चालक तर गाडी पुरविणाऱ्या कंपनीचा नोकर असतो. याचा अर्थ संघटनेबाहेरची नोकरी आता आगाराच्या फाटकाच्या आत आली आहे. बाहेरचा चालक जितका स्वस्त, तितकी आतल्या चालकाची नोकरी कच्ची.

मग उपाय कोणता? तो महाराष्ट्रानेच एकदा शोधला आहे. हमालालाही अनेक मालक होते आणि एकही कायम नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगारांना, बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांना एकत्र आणले. 1969 चा माथाडी कायदा ही अशा लढ्यांची कमाई. या कायद्याने मालक व कामगार दोघांची नोंदणी मंडळाकडे केली. मजुरी मंडळामार्फत दिली जाते, मजुरीवरची लेव्ही मालकाने भरायची आणि तीतून निधी, सुट्टी, औषधोपचार यांची तरतूद होते. मालक बदलला तरी कामगाराचा हक्क बदलत नाही. ट्रकमध्ये पोती चढविणाऱ्यासाठी राज्यात हा कायदा आहे. तीच पोती रात्रभर वाहून नेणाऱ्यासाठी नाही. ही विसंगती दूर करणे, हीच चालकांच्या चळवळीची मुख्य मागणी असली पाहिजे. लेव्ही केवळ लहान मालकावर लादून चालणार नाही. ज्या कारखान्याचा ऊस, ज्या व्यापाऱ्याचा कापूस वाहिला जातो, त्याने भाड्याबरोबर ती भरली पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढचे काम उघड आहे. चालक सभेला येत नाही. तेव्हा सभेने चालकाकडे गेले पाहिजे. माजलगावच्या कारखान्यावर रिकामे होण्याची वाट पाहत उभी असलेली वाहनांची रांग, महामार्गावरचे ढाबे, परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांचे थांबे, हीच त्याची आगारे आहेत. पहिल्या भेटीत घोषणा नको. किती तास गाडी चालविली, पगार किती ठरला, हाती किती आला, एवढे एका वहीत लिहून घ्यावे. आणि ही वही घेऊन एस.टी.च्या संघटित चालकाने पुढे व्हावे. कारण ट्रकवाला उघड्यावर आहे तोवर त्याचे स्वतःचे छप्परही गळकेच राहणार आहे.