दुखायची थांबली, म्हणून दाढ बरी झाली नाही

आजचा एपिसोड दातांवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. मी काही डेंटिस्ट नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी ऐन गणपतीत माझ्या एका दाढेने जे दाखवलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून बोलतोय.

झालं असं, की जूनमध्ये खालची उजवी दाढ ठणकायला लागली. त्या दाढेवर काळा ठिपका आहे हे मला वर्षभर माहीत होतं. आता गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जायची. रिलीज जवळ आलेलं, मग काय, पेनकिलर घेतली, रात्री दाढेत लवंग धरली आणि काम चालू ठेवलं. आठवड्याभरात दुखणं आपोआप थांबलं. मी खूश! आईने फोनवर विचारलं, "दाखवलंस का रे डॉक्टरांना?" म्हटलं, "अगं, बरी झाली दाढ."

बरी झालीच नव्हती. दाढेच्या आतली नस मेली होती, म्हणून दुखायचं थांबलं होतं. जंतू मात्र मुळाच्या टोकाकडे उतरतच होते. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच होता, फक्त अलर्ट बंद पडला होता.

चतुर्थीच्या आदल्या रात्री कोकणात गावी पोचलो. सकाळी उठलो तर उजवा गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, तोंड धड उघडेना. घरात आरती चाललेली, आणि बाबा शेजाऱ्यांची गाडी मागून मला घेऊन उघडा दवाखाना शोधतायत. दोन ठिकाणी कुलूप होतं. तिसरीकडे डॉक्टर घरची पूजा आटपून आले, पू काढला, औषधं दिली. म्हणाले, "सूज गळ्याकडे उतरली असती तर श्वासावर आलं असतं. ठिपका दिसला तेव्हाच आला असतात, तर साध्या फिलिंगवर भागलं असतं." बाबा काही बोलले नाहीत. परत येताना गाडीतही नाहीत. ते मला जास्त लागलं. नंतर पुण्यात रूट कॅनल झालं, वर कॅप बसली. त्या वर्षीचे मोदक मी नुसते बघितले.

तर आता मी काय करतो ते सांगतो.

सगळ्यात आधी, रात्रीचा ब्रश. सकाळचा आपण सगळेच करतो, रात्रीचा बुडवतो. झोपेत लाळ कमी होते, आणि दातांचं राखण करते ती लाळच. त्यामुळे रात्री अडकलेल्या अन्नावर जंतूंना रान मोकळं. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, पूर्ण २ मिनिटं. नंतर फेस थुंकायचा, पण खळाखळा चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. आणि ब्रश पोचत नाही त्या दोन दातांच्या फटीत दिवसातून एकदा फ्लॉस.

दुसरी गोष्ट आपल्या आयटीवाल्यांची. गोड किती खाता यापेक्षा किती वेळा खाता, हे जास्त महत्त्वाचं. गोड तोंडात गेलं की जंतू आम्ल तयार करतात, आणि ते निवळायला लाळेला अर्धा तास तरी लागतो. आता तोच चहा डेस्कवर ठेवून दोन तास घोट घोट प्यायलात, तर दात दोन तास आम्लात! चहा प्या, पण एकदाच पिऊन मोकळे व्हा. मागून साध्या पाण्याची चूळ भरा.

तिसरं, दात म्हणजे ओपनर नाही. बाटलीचं झाकण, पाऊच, बर्फ, सुपारी, सगळं बंद. दातावरचं इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण हाडासारखं ते पुन्हा जुळून येत नाही. तुटलं ते तुटलं.

मिश्रीचंही बोलतो, कारण आमच्या आजीची सवय आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने दात साफ होत नाहीत, हिरड्या आणि तोंड बिघडतं.

आणि हे लक्षात ठेवा, क्रिकेट खेळणाऱ्यांनी तर नक्कीच. बॉल लागून पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर हळूच धुवा, घासू नका. जमलं तर जागेवर परत बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठा. दात वाचू शकतो. लहान मुलांचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट मोठं हॉस्पिटल. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून दिवस ढकलू नका.

बाकी, काही दुखत नसतानाच एकदा तपासून घ्या. सणाला गावी निघण्याआधी तर नक्कीच. आणि आईने "दाखवलंस का?" विचारलं, तर खरं उत्तर देता येईल असं वागा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आज रात्री ब्रश करूनच झोपा!