बोलण्यातील पूर्वग्रह आणि आपण शिक्षक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



रोजच्या बोलण्यातील पूर्वग्रह माणसाला आवरता येतो काय, या प्रश्नावर मला बोलावयास सांगितले आहे. मी पंडित नव्हे. वर्गात जे घडले तेवढेच सांगतो.

चौथीतील एक मुलगा रडू लागला, तेव्हा 'मुलींसारखा रडतोस काय?' असे मी बोलून गेलो. पहिल्या बाकावरील मुलीने शांतपणे विचारले, 'गुरुजी, मी कधी रडले?' मला उत्तर सुचले नाही. माझ्या मनात दुष्टावा नव्हता. वाक्य जिभेवर तयारच होते. 'मुलींनो, झाडून घ्या. मुलांनो, बाके उचला' हेही त्याच जातीचे.

वास्तविक आपली भाषा मूळची इतकी कृपण नाही. 'मुलगा' याचे अनेकवचन 'मुलगे'; 'मुले' हे 'मूल' या नपुंसकलिंगी शब्दाचे. म्हणजे 'मुलांनो' या हाकेत मुलीही येतात. परंतु 'मुले आणि मुली' असे म्हणताच तोच शब्द मुलग्यांपुरता उरतो. (व्याकरणाच्या तासाला हे अवश्य करून पाहावे, वर्गाला गंमत वाटते.)

वरून काही बदल झाले आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील चित्रांत पुरुषही घरकाम करताना दिसू लागले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच. पण फलक बदलल्यावरही आपण आपापसांत 'ती तिकडची पोरे' असेच म्हणत राहिलो, तर मुलांच्या कानी काय पडणार?

मी एक उपाय केला. शेजारच्या वर्गाच्या बाईंना विनंती केली की, माझे असे वाक्य ऐकू आले तर वहीत टिपून ठेवावे. पहिल्या आठवड्याची पाने पाहून मी खजील झालो. दोन महिन्यांत नोंदी पुष्कळ उतरल्या. ज्या राहिल्या, त्या बहुतेक शेवटच्या तासाच्या, मी थकलेला वा रागावलेला असतानाच्या. तेव्हा मनात प्रथम उठणारा शब्द आवरता येतो, असे मी म्हणणार नाही. तो ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर थांबता येते, आणि दमल्यावर तेही कठीण जाते. म्हणून शेवटच्या तासाला मी आता वहीतले लेखनकाम अधिक ठेवतो व स्वतः कमी बोलतो.

ती वही आज बरोबर आणली आहे. मधल्या सुट्टीत ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी. बाईंचे अक्षर लागावयास मात्र थोडा वेळ लागतो.