काळी माती : एक नाव, दोन जाती
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसभेतील भाषण)



भूगोलाच्या तासाला युक्रेन व रशिया यांचा पाठ आला म्हणजे ‘तेथील गवताळ प्रदेशात काळी सुपीक माती आहे’, असे आपण सांगतो. दख्खनच्या पठाराच्या पाठातही नेमके हेच वाक्य येते. विद्यार्थी दोन्ही वाक्ये जोडतो व दोन्ही माती एकच, असे धरून चालतो. हा समज वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु तो पुढे शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो. म्हणून त्या दूरच्या मातीचा प्रथम परिचय करून घ्यावा व मग तिच्याशेजारी आपली माती ठेवून पाहावी, असे मी योजिले आहे.

त्या मातीला चेर्नोझेम म्हणतात. काळी भूमी, एवढाच त्या रशियन शब्दाचा अर्थ. युक्रेनपासून दक्षिण रशियामार्गे उत्तर कझाकस्तान व पश्चिम सायबेरियापर्यंत तिचा पट्टा पसरला आहे. पूर्वी काही विद्वान तिला प्राचीन समुद्राचा गाळ मानीत, तर काही दलदलीचा अवशेष. वासिली दोकुचायेव्ह (१८४६–१९०३) या रशियन शास्त्रज्ञाने हजारो मैल फिरून, ठिकठिकाणी खड्डे खणून तिची पाहणी केली व १८८३ साली आपला ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे केवळ खडकाचा चुरा नव्हे. मूळ द्रव्य, हवामान, सजीव सृष्टी, जमिनीचा चढउतार व काळ या पाच कारणांनी घडलेली ती एक स्वतंत्र वस्तू आहे, असा सिद्धान्त त्याने मांडला. आजच्या मृदाशास्त्राचा पाया तो हाच.

चेर्नोझेम घडविली ती गवताने. वृक्षाचा पालापाचोळा जमिनीवर पडतो व बराचसा वरच्यावर कुजतो. गवताचे तसे नाही. त्याच्या देहाचा मोठा भाग मुळांच्या रूपाने जमिनीतच असतो. दरवर्षी त्यांतील कित्येक मुळे मरतात व जागच्या जागी कुजू लागतात. परंतु स्टेपच्या हिवाळ्यात जमीन गोठते आणि उन्हाळ्यात ती कोरडी पडते. कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांचे काम वर्षातून दोनदा मंदावते. त्यामुळे सारे द्रव्य नाहीसे न होता ह्यूमस, म्हणजे कुजून काळे झालेले सेंद्रिय द्रव्य, साठत जाते. गांडुळे व बिळे करणारे प्राणी ते खोलवर कालवितात. शेवटच्या हिमयुगानंतर हजारो वर्षे हा व्यापार चालला, तेव्हा कोठे ही माती तयार झाली.

तिचे गुण पाहा. काळा थर कित्येक ठिकाणी एक मीटर किंवा त्याहूनही खोल असतो. उत्तम प्रतीच्या चेर्नोझेममध्ये ह्यूमस १० टक्क्यांपर्यंत आढळतो. खाली चुन्याचे पांढरे तंतू व गाठी दिसतात, कारण पाऊस बेताचा असल्याने चुना पूर्णपणे धुऊन जात नाही. चुन्यातील कॅल्शियम ह्यूमस व चिकणमातीचे कण यांना एकत्र बांधते. त्यामुळे माती रवाळ, भुसभुशीत राहते. तीत हवा खेळते, पाणी मुरते व टिकते.

वर्गीकरणाचा पायाही हाच. रशियन परंपरेत उत्तरेकडील, चुना अधिक धुऊन गेलेल्या प्रकारापासून दक्षिणेकडील कोरड्या प्रकारापर्यंत चेर्नोझेमचे पोटभेद मानतात. अमेरिकेच्या १९७५ सालच्या पद्धतीत तिला ‘मॉलिसॉल’ या गणात घातले आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मऊ. वरचा थर पुरेसा जाड, काळसर, सेंद्रिय द्रव्याने व कॅल्शियमसारख्या पोषक द्रव्यांनी युक्त आणि वाळल्यावरही दगडासारखा कठीण न होणारा असावा, ही या गणाची ओळख होय. म्हणजे परीक्षा एका रंगाची नसून संपूर्ण उभ्या छेदाची आहे.

आता आपल्या खोल काळ्या जमिनीकडे वळू. ती मुख्यतः बेसाल्ट खडकापासून झाली. तिच्यात फुगणारी चिकणमाती फार. म्हणून पावसाळ्यात ती फुगून चिकट होते व उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, खालची वर ढकलली जाते. जमीन जणू स्वतःलाच उलटीत असते. म्हणून तिच्या गणाला ‘व्हर्टिसॉल’, म्हणजे उलटणारी, हे नाव मिळाले. ओल धरून ठेवणे हा तिचा थोर गुण. रब्बीची ज्वारी त्याच बळावर उभी राहते. परंतु तिच्यातील सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. तिचा काळेपणा ह्यूमसच्या विपुलतेची साक्ष देत नाही.

आणि येथेच त्या समजाची किंमत मोजावी लागते. ‘काळ्या रानाला खत कशाला?’ असे म्हणणारा शेतकरी रंगालाच शिल्लक समजतो. वास्तविक आपल्या मातीची सेंद्रिय शिल्लक मुळातच थोडी. शेणखत, सोनखत, हिरवळीचे खत देऊन ती राखावी लागते. ज्यांची शिल्लक मोठी होती, त्यांचीही ती अक्षय ठरली नाही. १८९१ साली रशियात भीषण अवर्षण होऊन दुष्काळ पडला. तो चेर्नोझेमच्याच मुलखात. गवत नांगरून टाकल्याने जमिनीची ओल धरण्याची शक्ती घटली, हे दोकुचायेव्हने १८९२ साली दाखवून दिले व व्होरोनेझ प्रांतातील स्टेपमध्ये वृक्षांचे संरक्षक पट्टे लावविले. तरीही पुढे १९५४ पासून कझाकस्तान व सायबेरियातील विस्तीर्ण गवताळ जमीन झपाट्याने नांगराखाली आणली गेली आणि काही वर्षांतच तेथे धुळीची वादळे उठली. हजारो वर्षांची ठेव काही हंगामांत उधळता येते, हा त्याचा बोध.

वर्गात हे शिकविण्यास प्रयोगशाळा नको. विद्यार्थ्यांना ओढ्याच्या तुटलेल्या काठाशी न्यावे. थर मोजावेत, मुळे कोठवर गेली ते पाहावे, चुनखडीच्या खड्यावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे दाखवावेत. मग शेतातील व बांधावरच्या गवताखालील अशी दोन वाळलेली ढेकळे दोन पेल्यांतील पाण्यात अलगद सोडावीत. बहुधा शेतातील ढेकूळ लवकर विरघळते व गवताखालचे अधिक वेळ तग धरते. गवताची मुळे मातीसाठी काय करतात, हे सांगण्यास मग वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

‘काळी माती सुपीक असते’ एवढेच वाक्य फळ्यावर लिहून आपण थांबू नये. ‘ती कशाने काळी झाली?’ हा प्रश्न त्याखाली लिहावा. आपले बहुतेक विद्यार्थी उद्या याच मातीचे धनी होणार आहेत. हा प्रश्न त्यांच्याबरोबर शेतात गेला, तर भूगोलाचा हा तास सार्थकी लागला असे समजावे.