सुई आणि हात यांची पत्रिका
(प्रतापनगर येथे मंडळाच्या सभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत या व्यासपीठावरून गाण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. आज आम्ही गाण्याबद्दल नाही, गाणं जिच्या टोकावर तोललेलं असतं त्या सुईबद्दल बोलणार आहोत. आम्ही म्हणजे जुन्या तबकड्या जमवून ऐकणारे प्रतापनगरातले चार-पाच जण. आमच्यात कोणी इंजिनियर, कोणी निवृत्त शिक्षक. पण एक प्रश्न आम्हा सगळ्यांना हल्ली वारंवार विचारला जातो: "मुलाने परदेशातून रेकॉर्ड प्लेअर पाठवलाय, आजोबांच्या तबकड्या लावू का?" या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे भाषण.

बडोद्याच्या मराठी घरांत तबकड्या सापडणं नवलाचं नाही. सयाजीराव महाराजांच्या दरबारचा कलावंत कारखाना, मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा, दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ हा आपल्या गावचा वारसा. अब्दुल करीम खाँसाहेबही काही काळ इथल्या दरबारी होते, आणि त्यांच्या कन्या हिराबाई तर जन्मभर 'बडोदेकर' म्हणूनच ओळखल्या गेल्या. त्यामुळे आपल्याकडच्या ट्रंकांत दोन पिढ्यांचा माल असतो. खाली ७८ फेऱ्यांच्या जड, लाखेच्या काळ्या तबकड्या: बालगंधर्व, हिराबाई, करीम खाँ. वर ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी: नाट्यसंगीत, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, गीतरामायण. यांतल्या कित्येक पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. चुकीच्या सुईखाली गेलेली तबकडी परत नीट होत नाही, हे आधी लक्षात घेऊ.

आता सुईकडे वळू. सुई आणि तिच्यामागचं छोटं यंत्र मिळून जी डबी होते, तिला कार्ट्रिज म्हणतात. पूर्वी आपल्याकडच्या साध्या प्लेअरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. ते पाच-सहा ग्रॅम वजनाने तबकडी दाबत असे. पुढे मूव्हिंग मॅग्नेट आलं. त्यात सुईच्या दांडीला चिमुकलं लोहचुंबक असतं आणि तारेची वेटोळी स्थिर असतात. मूव्हिंग कॉइलमध्ये उलटं: चुंबक स्थिर आणि सुईबरोबर वेटोळी हलतात. डेन्मार्कच्या ऑर्टोफोनने १९४८ साली असं कार्ट्रिज बाजारात आणलं, आणि त्यांचं स्टिरिओ एसपीयू १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलं. जपानच्या डेननने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी डीएल-१०३ तयार केलं. ही दोन्ही घराणी आजही त्याच जुन्या घडणीची कार्ट्रिजं बनवतात. भरदार, मध्यसप्तकात रमणारा आवाज हे त्यांचं वैशिष्ट्य, आणि आपल्या गायकीला तो शोभतो, असं आमच्या कानांचं मत आहे.

पण चांगलं स्थळ आणि चांगली मुलगी म्हणजे चांगला संसार असं होत नाही. कार्ट्रिज ज्या हातावर बसतं, त्या टोनआर्मशी त्याची पत्रिका जुळावी लागते.

हे का, ते झोपाळ्यावरून समजेल. बडोद्यात झोपाळा नसलेलं जुनं घर विरळा. झोपाळ्याला स्वतःची एक लय असते. त्याच लयीत हलकासा धक्का देत राहिलात, तर झोका वाढत जातो. कार्ट्रिजची दांडी रबराच्या तुकड्यावर टेकलेली असते, म्हणजे ती एक स्प्रिंगच. आर्म आणि कार्ट्रिजचं वजन त्या स्प्रिंगवर डोलतं, आणि त्यालाही स्वतःची लय येते. ती लय ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये पडावी, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्याच्या खाली, साधारण ६ हर्ट्झपर्यंत, वाकड्या तबकडीचे चढउतार आणि घरातल्या चालण्याचे धक्के असतात. वर, २० हर्ट्झपासून पुढे, ऐकू येणारा आवाज सुरू होतो. मधली जागा त्यातल्या त्यात रिकामी, म्हणून तिथे ही लय बसवायची.

हिशेब घरी करता येतो. आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या लवचीकपणाच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. आर्मचं परिणामी वजन म्हणजे तराजूवरचं वजन नव्हे. सुईच्या टोकाला जेवढं जाणवतं तेवढं. ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

डीएल-१०३ घेऊ. वजन ८.५ ग्रॅम. लवचीकपणा कागदावर ५, पण जपानी कंपन्या तो १०० हर्ट्झला मोजतात. आपल्या हिशेबाला १० हर्ट्झचा आकडा लागतो, आणि तो ढोबळमानाने दुप्पट, म्हणजे १० धरतात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० चा आर्म साधारण १२ ग्रॅमचा. स्क्रूंचा १ धरला, तर बेरीज २१.५. उत्तर येतं १०.८ हर्ट्झ. पत्रिका जुळली. हेच कार्ट्रिज ६ ग्रॅमच्या अगदी हलक्या आर्मवर लावलं, तर उत्तर १२.८ येतं. शिवाय ताठ दांडीचे हादरे हलक्या आर्मला सोसत नाहीत. आवाज पातळ आणि कर्कश होतो.

आता उलटं उदाहरण. २५ लवचीकपणाचं, ६ ग्रॅमचं मऊ मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज २० ग्रॅमच्या जड आर्मवर लावलं, तर उत्तर ६.१ येतं. म्हणजे वाकडी तबकडी आली की सुई डोलणार. लाकडी जमिनीच्या घरात कोणी चाललं, किंवा डभोईकडे जाणाऱ्या गाडीने भिंत हलली, तरी स्पीकरचे कागद आतबाहेर होणार. त्यात कार्ट्रिजचा दोष नाही आणि आर्मचाही नाही. जोडी चुकलेली आहे. एसपीयूचं तर स्वतःच्या शेलसकट वजन ३० ग्रॅमच्या आसपास. आर्मच्या मागचं वजन तेवढं तोलू शकतं का, हे विकत घेण्याआधी पाहावं.

पत्रिकेतला दुसरा ग्रह विजेचा. मूव्हिंग मॅग्नेट ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, तर डीएल-१०३ फक्त ०.३. साध्या अॅम्प्लिफायरला लावलं तर गाणं कमी आणि खरखर जास्त ऐकू येते. मध्ये स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. १ ला १० पटीचा ट्रान्सफॉर्मर ०.३ चे ३ मिलिव्होल्ट करतो. पण पट वाढवली की कार्ट्रिजवरचा बोजाही वाढतो. अॅम्प्लिफायरचे ४७,००० ओहम १० पटीच्या ट्रान्सफॉर्मरमधून कार्ट्रिजला ४७० दिसतात, २० पटीतून जेमतेम ११८. डीएल-१०३ स्वतः ४० ओहमचं आहे, त्याला पहिला आकडा मानवतो. जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, असं नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा: एलपीची सुई ७८ च्या तबकडीवर लावू नका. एलपीच्या सुईचं टोक १६ ते १८ मायक्रॉन गोलाईचं, तर ७८ ची खाच रुंद. तिला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक टोक खाचेच्या तळाशी धुळीत घासत जातं. गाणं खरखरीत बुडतं आणि महागडी सुई झिजते. याउलट ७८ ची जाड सुई एलपीवर लावली, तर एलपी संपली. जुन्या मोनो एलपींसाठी २५ मायक्रॉनचं टोक चांगलं. ऑर्टोफोन आजही मोनोसाठी २५ आणि ७८ साठी ६५ मायक्रॉनची मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजं बनवतं. आणि चावीच्या ग्रामोफोनवर, म्हणजे शंभरेक ग्रॅमचा साउंडबॉक्स आणि पोलादी सुई असलेल्या यंत्रावर, दुर्मिळ तबकडी वारंवार वाजवू नये.

आपल्या हवेचंही सांगतो. बडोद्याचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो. त्या उन्हाळ्यांत एलपी वाकतात आणि कार्ट्रिजमधलं रबर कडक होतं. म्हणून चाळीस वर्षं कपाटात पडलेलं 'अस्सल जुनं' कार्ट्रिज मोठी किंमत देऊन घेण्यापेक्षा, जुन्या घडणीचं पण नव्याने बनलेलं घ्यावं. पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येते. त्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात आणि पुसल्याशिवाय लावू नयेत.

मग घ्यायचं काय? ज्या घरात नातवंडांचा वावर आहे, तिथे आम्ही मूव्हिंग मॅग्नेटच सुचवतो. त्याची सुई ओढून काढता येते आणि नवी बसवता येते. मूव्हिंग कॉइलची सुई मोडली, तर अख्खं कार्ट्रिज बदलायला किंवा दुरुस्तीला पाठवावं लागतं. ज्यांना मूव्हिंग कॉइलचीच गोडी आहे, त्यांनी आधी आर्म पाहावा, मग कार्ट्रिज, मग ट्रान्सफॉर्मर. लहान डिजिटल काट्यावर सुईचं वजन मोजावं. डीएल-१०३ ला २.५ ग्रॅम लागतात. 'तबकडी झिजेल' म्हणून दीड ग्रॅम ठेवू नये, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. शेवटी एखादी थोडी वाकडी एलपी लावून समोरून पाहावं: दांडी शांत असली आणि तंबोऱ्याचा सूर थरथरला नाही, तर संसार सुखाचा आहे.

शेवटची विनंती. ट्रंक उघडल्यावर पहिल्या दिवशी काही वाजवू नका. ७८ वेगळ्या काढा, एलपी वेगळ्या, आणि यादी करा. दुर्मिळ तबकडी एकदाच, योग्य सुईखाली, नीट वाजवा आणि त्याच वेळी तिचं ध्वनिमुद्रण करून ठेवा. मग ती तबकडी विश्रांती घेऊ दे. ऐकायला मुद्रण आहेच. आणि जागा अडते म्हणून ती ट्रंक किलोच्या भावाने भंगारात द्यायची वेळ आली, तर त्याआधी आम्हाला निरोप द्या. आम्ही सुई घेऊन येऊ, चहा मात्र तुमच्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!