नेट गेलं तरी वाट हाताशी

आम्ही माणिकपूरच्या बचत गटांचं काम बघतो. आज मोबाइलमधल्या नकाशाबद्दल बोलू या.

गटात हा विषय काढला की हमखास ऐकू येतं, “नकाशा कशाला? विचारत विचारत जाऊ की!” खरं आहे. पण संध्याकाळची वेळ, पाऊस लागलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तेव्हा विचारायचं कोणाला? जुलै २०१८ आठवा. वसई-विरारमध्ये पाणी भरलं, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आल्यानं लोकल थांबल्या, कितीतरी भागांत वीज गेली. वीज गेली की हळूहळू टॉवरही बंद पडतात आणि नेट जातं. जव्हार-मोखाड्याच्या घाटात तर एरवीही रेंज मिळेलच असं नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपण कुठे आहोत हे मोबाइलला नेटवरून कळावं लागत नाही. जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. ते सतत संदेश पाठवतात, आपला मोबाइल तो फक्त ऐकतो. आकाशवाणी ऐकायला रेडिओला कुठे नेट लागतं? तसंच हे. त्याचे पैसेही पडत नाहीत. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. ते चित्र आधीच उतरवून ठेवलं, की काम झालं.

कसं उतरवायचं? गूगल मॅप्स उघडा. वर कोपऱ्यात आपल्या खात्याचं गोल चिन्ह असतं, ते दाबा. ‘ऑफलाइन नकाशे’ निवडा. एक चौकट येईल. तिच्यात आपला भाग बसवा. आम्ही वसईपासून पालघरपर्यंतचा घेतो. जागा किती लागेल ते तिथेच दिसतं. मग डाउनलोड दाबा. डेटा बराच जातो, म्हणून शक्यतो वायफायवर करा. हा नकाशा काही काळानं जुना होतो, तेव्हा पावसाळ्याआधी एकदा अपडेट करा.

गूगलच्या उतरवलेल्या नकाशात गाडीचा रस्ता कळतो, पायवाट किंवा बस-लोकलची माहिती मिळत नाही. पायी जायचं असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स हे फुकट ॲप बघा. ते ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि जगभरची साधी माणसं तो भरतात. आपला पाडा त्यात नसेल, तर आपल्यालाही घालता येतो.

एक सावधगिरी. उतरवलेल्या नकाशाला रस्त्यावर पाणी आहे की दरड पडलीय, हे कळत नाही. तिथे डोळे आणि गावकऱ्यांचा शब्दच खरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाळंतपणाची बाई गाडीत आहे, १०८ला फोन लागला, पण “कुठे आहात?” याला उत्तर येत नाही. अशा वेळी नकाशावर आपण उभ्या आहोत तिथे बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतील. माणिकपूरला पहिला १९नं आणि दुसरा ७२नं सुरू होतो. तेच फोनवर वाचून दाखवा, नाहीतर साध्या मेसेजनं घरी पाठवा. त्याला नेट लागत नाही.

पुष्कळ घरांत चांगला मोबाइल नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. म्हणून निदान गटाच्या मोबाइलमध्ये नकाशा असू द्या आणि तो अध्यक्ष-सचिवांपुरता न ठेवता प्रत्येकीला वापरता येऊ द्या. महालक्ष्मी सरसला माल घेऊन जायचं असो की पालघरला कागद द्यायला, कोणी सोबत येईल म्हणून काम अडून राहायला नको.

पुढच्या बैठकीत हे करून बघा. मोबाइलचा डेटा बंद करा, बाहेर मोकळ्यावर या आणि बाजारापर्यंत नकाशा बघत चालत जा. ओळखीच्या रस्त्यावर हात बसला, की अनोळखी रस्त्यावर घाबरायला होत नाही.